आयर्विनला किती, आणि आमच्या दारात किती?
सांगलीतल्या नदीकाठच्या वस्तीत झालेल्या एका कार्यशाळेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पावसाळ्यात सांगलीत ओळखीचं माणूस भेटलं की "काय, बरं आहे का?" हे नंतर येतं. आधी येतं ते "आयर्विनला किती?" १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही पुढे, आणि जरा सावरतोय तोवर २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या आसपास.

पूर का येतो यावर सांगलीतला कुणीही तासभर बोलू शकतो. कोयना धरणाचा विसर्ग, हरिपूरच्या संगमाला मिळणारं वारणेचं पाणी, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, नदीपात्रातली बांधकामं. २०१९ नंतर पुराची कारणं तपासायला वडनेरे समिती नेमली गेली, तिचा अहवालही आला. पण 'माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार' या साध्या प्रश्नाचं उत्तर या कशातच मिळत नाही. ४० चा आकडा ऐकून उंचावरच्या वसाहतीतला माणूस चहा पीत बसतो, आणि नदीकाठच्या सखल गल्लीतली बाई गाद्या गुंडाळायला लागते. आकडा एकच असतो.

ही नोंद अशाच एका सखल वस्तीतल्या कार्यशाळेची आहे. वस्तीचं नाव, वर्ष आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्याचं कारण पुढे घरमालकांच्या प्रसंगात येईल. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बैठकांना मी कोपऱ्यात वही घेऊन बसलेला असायचो.

कार्यशाळेत तीन प्रकारची माणसं होती. पहिली, वस्तीतली पूरग्रस्तांची समिती. पंचनामा, सानुग्रह अनुदान, रेशनकार्डाची दुसरी प्रत यासाठी हेलपाटे घालता घालता ती तयार झालेली. तिच्यात बायका जास्त आणि बोलणाऱ्याही त्याच. दुसरी, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचे सर. तिसरी, कलावंत: चित्रकलेची पदविका घेतलेली एक मुलगी, एक शाहीर, आणि फ्लेक्सने धंदा बसवण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर.

अशा मेळाला या जिल्ह्यात जुनी वाट आहे. खानापूर तालुक्यात येरळेवरचं बळीराजा धरण ऐंशीच्या दशकात लोकांच्या चळवळीतून उभं राहिलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, आणि तांत्रिक बाजूला अभियंते चळवळीसोबत बसले. कलापथकं तर इथल्या मातीतलीच. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यामुळे 'कलाकार, कार्यकर्ते आणि तंत्रज्ञ एकत्र' असं पत्रकावर छापलं होतं तेव्हा समितीतल्या एका वयस्क कार्यकर्त्यांनी ते वाचून विचारलं होतं, "ह्यात नवीन काय हाय?"

अडचण

पहिली बैठक महाविद्यालयाच्या सभागृहात झाली. प्रोजेक्टर, स्लाइड, पाण्याच्या बाटल्या. वस्तीतून मोजक्या बायका आल्या, मागच्या रांगेत बसल्या आणि साडेचारला नळाला पाणी सुटतं म्हणून उठून गेल्या. विद्यार्थ्यांनी तोवर नदीकाठी लावायचा सेन्सर, मोबाइलवरचं ॲप आणि नकाशावर बदलणारे रंग दाखवले होते. शाहिरांनी पथनाट्य सुचवलं. चित्रकार मुलीला मोठं भित्तिचित्र करायचं होतं. समितीला हवा होता पुढच्या पंचनाम्यात आणि पुनर्वसनाच्या मागणीत चालेल असा लेखी पुरावा.

म्हणजे प्रत्येक जण आपापलं उत्तर घरून बांधून आला होता. प्रश्न कुणाचा, यावर अजून बोलणंच झालं नव्हतं.

दुसरी बैठक वस्तीतल्या समाजमंदिरात घ्यायची आणि संध्याकाळी सातनंतर, असा आग्रह समितीने धरला. हा या प्रकरणातला पहिला निर्णय. वरवर पाहता जागा आणि वेळ बदलली, पण सगळ्या कामाची दिशा त्याने फिरली. कारण त्या रात्री धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "बाळा, नदी आमच्याकडं नदीकडनं येत न्हाई. ती नाल्यातनं मागं फिरती. आधी संडासात बुडबुडं येत्यात, मग मोरीतनं पाणी वर येतं. काठावरचं पाणी येईस्तोवर आम्ही शाळेत असतोय."

सेन्सर नदीकाठी लावायचा बेत तिथेच मोडला. नदी चढली की नाल्याचं तोंड बुडतं आणि पाणी उलटं आत शिरतं, हे सरांना तत्त्व म्हणून माहीत होतंच. पण या वस्तीत ते कुठल्या मोरीपासून सुरू होतं हे कुठल्याच नकाशावर नव्हतं. काठावर न उतरण्याला आणखी एक कारण होतं, ते पेंटरकाकांनी सांगितलं: मगर. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, आणि पोरं मोजमापासाठी घाटाखाली उतरणार होती!

विचारात घेतलेले पर्याय

ॲपचा पर्याय लवकर बाजूला पडला. पुरात आधी वीज तोडतात, मग मोबाइल टॉवरचं डिझेल संपतं, हे २०१९ ला सगळ्यांनी भोगलं होतं. शिवाय घरातला चांगला फोन कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो.

नुसतं भित्तिचित्र आणि पथनाट्य करायचं, सेन्सरच्या भानगडीत पडायचंच नाही, असाही विचार झाला. मला तेव्हा तो पटला होता. समितीला पटला नाही. "जागृती आमची झालीय, पाणी नाकात गेल्यावर," असं अध्यक्ष ताई म्हणाल्या आणि तो विषय संपला.

तिसरा पर्याय होता प्रत्येक घराच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची रेघ मारायचा. कलावंतांना तो आवडला, विद्यार्थ्यांना त्यात मोजमाप दिसलं, समितीला पुरावा. तिघांचं जमलं असं वाटत असतानाच घरमालक आले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. घरावर छातीएवढ्या उंचीवर रेघ असली तर त्या घराला गिऱ्हाईक येईल का? भाडेकरू राहील का? त्याच्या मागे दुसरी भीती होती: पूररेषा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा, आणि त्यांच्या आत बांधकामावर येणारी बंधनं. आपणच आपल्या भिंतीवर रेघ मारून द्यायची आणि उद्या कुणी तीच दाखवून परवानगी नाकारायची, असं त्यांना वाटत होतं. रेघेचा आणि पूररेषेचा कायद्याने संबंध नाही, हे सरांनी समजावलं. कायद्याने नसला तरी व्यवहारात असतो, हे घरमालकांनी सरांना समजावलं. भाडेकरूंना मात्र रेघ हवी होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी घर भाड्याने घेताना पाणी कुठवर येतं हे विचारलं होतं आणि त्यांना खोटं उत्तर मिळालं होतं.

इथे कार्यशाळा फुटली असती. तोडगा काढला तो समितीने. बाहेरून रेघ फक्त सार्वजनिक भिंतींवर मारायची: समाजमंदिर, शाळेचं कुंपण, स्वच्छतागृह. घरात हवी असेल त्याने दाराच्या मागे, आतल्या बाजूला, गेरूने मारून घ्यायची. मालकाला विचारायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. सरांना हे फारसं रुचलं नाही, कारण आतल्या रेघा 'डेटा'त धरता येणार नव्हत्या. पण कुणाचं घर धोक्यात घालून मिळवलेली माहिती कुणाच्या कामाची, हा प्रश्न त्यांनी स्वतःच नंतर विद्यार्थ्यांना विचारला.

प्रत्यक्ष काम

आयर्विनचा आकडा आणि गल्लीतलं पाणी यांची सांगड घालणं हे खरं काम होतं. विद्यार्थ्यांना वाटलं, पुलापासून लेव्हल, म्हणजे समान उंचीची खूण, गल्लीपर्यंत आणली की झालं. पण वाहत्या नदीचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला उतार असतो, आणि नाल्यातून आत आलेलं पाणी तर आणखी वेगळं वागतं. म्हणून उलट्या बाजूने जायचं ठरलं: गल्लीत अमुक ठिकाणी पाणी होतं तेव्हा आयर्विनला किती होतं, हे शोधायचं.

त्यासाठी लोकांचे फोन आणि लोकांची आठवण, दोन्ही लागलं. फोनमध्ये मूळ काढलेला फोटो असेल तर त्यात दिवस आणि वेळ सापडते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत ती राहत नाही, त्यामुळे सगळ्यात गाजलेले फोटो निरुपयोगी ठरले आणि कुणीतरी विम्यासाठी काढलेला बुडालेल्या वॉशिंग मशिनचा फोटो लाखमोलाचा. तो दिवस आणि ती वेळ प्रशासनाने त्या काळात वरचेवर जाहीर केलेल्या पातळीशी जुळवली.

ज्यांच्याकडे फोटो नव्हते त्यांना तारखा आठवत नव्हत्या, सण आठवत होते. २०१९ ला नागपंचमी ५ ऑगस्टला होती, बकरी ईद १२ ला आणि राखीपौर्णिमा १५ ला. "पंचमीला आम्ही शाळेत होतो", "ईदची नमाज वरच्या मजल्यावर झाली", "राखीला चिखल काढत होतो": एवढ्यावर विद्यार्थ्यांनी दिवस पक्के केले. बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात नागपंचमी कोण विसरेल?

मिळालेल्या खुणा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायला विद्यार्थ्यांनी महागडं उपकरण आणायची तयारी केली होती. वस्तीतल्या गवंड्याने घरून पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, दोन टोकं दोन भिंतींना लावली. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी पडते, म्हणून तो आधी नळी टिचक्या मारत झटकून घ्यायचा. पोरं पहिल्यांदा गप्प बसून बघत होती.

पेंटरकाकांनी वेळापत्रक बदलायला लावलं. जूनमध्ये रंगवायचं ठरलं होतं. काकांनी समाजमंदिराच्या भिंतीवर खरवडणी फिरवली, पांढरी भुकटी हातावर घेतली आणि म्हणाले, "खार फुटलाय. ओल आत हाय. ह्यावर ऑइलपेंट मारला तर दिवाळीला पापुद्रं निघतील." मग काम एप्रिल-मेवर आणलं. आधी खरवडून, भिंत उन्हात वाळू देऊन, प्रायमर मारून मगच रंग. परीक्षांमुळे विद्यार्थी तेव्हा नव्हते. भिंती काका, चित्रकार मुलगी आणि वस्तीतल्या पोरांनी केल्या.

रंगांवरून एक चांगला वाद झाला. चित्रकार मुलीने पातळीप्रमाणे पिवळा, केशरी, निळा असे पट्टे आखले होते. समितीतल्या एकाने विचारलं, "निळा वर का, केशरी खाली का?" कुणी हसलं, कुणी हसलं नाही. आपल्याकडे रंग मोकळे राहिलेले नाहीत, आणि पुराच्या भिंतीवर तो वाद नको, यावर एकमत झालं. मग पट्ट्यांऐवजी वस्तू आल्या. सगळ्यात खाली चप्पल, वर धान्याचं पोतं, त्यावर खाट, आणि पार वर छताचा पंखा. प्रत्येक चित्राशेजारी काकांच्या वळणदार अक्षरात आयर्विनचे फूट. कार्यशाळेतलं सगळ्यात नेमकं काम हेच झालं, असं माझं मत. वाचता न येणाऱ्याला ते कळतं आणि वाचणाऱ्यालाही आकडा शोधावा लागत नाही.

चार चित्रांना चार सूचना द्यायचं ठरलं होतं. अध्यक्ष ताईंनी त्यातल्या दोन खोडल्या. खाटेला पाणी लागलं की बोटच लागते, तेव्हा सूचना देऊन काय उपयोग? चप्पल म्हणजे कागदपत्रं, सिलिंडर, औषधं बांधा. म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि जनावरं आधी हलवा. पोतं म्हणजे निघा. खाट आणि पंखा फक्त आठवण म्हणून राहिले.

सेन्सर नाल्यावरच्या मोरीच्या पुलाखाली बसला. स्वस्तातला, पाण्यापासून संरक्षण असलेला अल्ट्रासोनिक. ध्वनी सोडायचा, पाण्यावरून परत यायला लागलेला वेळ मोजायचा, अंतर काढायचं. हवेचं तापमान १० अंशांनी बदललं तर चार मीटरवर सहा-सात सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून सोबत तापमापकही जोडला. बाकी सौरपट्टी, बॅटरी आणि एक सिमकार्ड.

खरी चर्चा झाली ती सेन्सरचा संदेश कुणाला जायचा यावर. विद्यार्थ्यांचं म्हणणं, सगळ्यांना एकदम. समितीचं म्हणणं, आधी तीन माणसांना. त्यातल्या दोघांनी जाऊन टॉर्च मारून मोरीवरची रंगवलेली पट्टी बघायची आणि मगच भोंगा. पाच-दहा मिनिटं जातील, जाऊ देत. हा निर्णय बराच ताणला गेला, शेवटी समितीचं ऐकलं.

भोंगा देवळावरचाही आणि मशिदीवरचाही, आणि दोन्हीवर एकच मजकूर. तो शाहिरांनी लिहिला. पहिला मसुदा पोवाड्याच्या अंगाने गेला होता. त्यांनी स्वतःच तो फाडला. अंतिम मजकूर तीन वाक्यांचा: पाणी कुठे आलंय, काय उचला, कुठे जा. आवाज त्याच मावशींचा, ज्यांनी नाल्याचं सांगितलं होतं. रात्री दोनला ओळखीच्या बाईचा आवाज आला की माणूस उठतो, हे शाहिरांचं म्हणणं.

काय घडलं

पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री सेन्सरने पाणी झपाट्याने चढल्याचा संदेश दिला. दोघं टॉर्च घेऊन गेले. मोरीच्या तोंडाशी जलपर्णी आणि थर्माकोल अडकून ढीग झाला होता, आणि सेन्सरने त्या ढिगापर्यंतचं अंतर बिनचूक मोजलं होतं. भोंगा वाजला नाही. संदेश सगळ्यांना गेला असता तर पुढच्या वेळी कुणी अंथरुणातून उठलं नसतं. त्या रात्रीनंतर विद्यार्थ्यांनी 'माणसाची खात्री' हा टप्पा आपल्या आराखड्यात आनंदाने घातला.

त्याच हंगामात पाणी चपलेच्या चित्रापर्यंत आलं. भोंगा झाला, म्हातारी माणसं शाळेत गेली, बायकांनी सिलिंडर माळ्यावर टाकले. दोन दिवसांनी पाणी पोत्याला न लागता उतरलं. काही जण म्हणाले, उगाच धावपळ केली. बहुतेकांनी घरातला चिखल पुसता पुसता तसं म्हटलं नाही. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही. हा लहान पूर होता.

फोटो आणि सणांवरून बनलेला तक्ता समितीने मागणीपत्राला जोडला. कार्यालयाने तो घेतला, पोच दिली. पुनर्वसनाचा प्रश्न होता तिथेच आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात सेन्सर मुका झाला. बिघाड शोधायला आठवडा गेला. सिमचं रिचार्ज संपलं होतं. ते ज्या विद्यार्थ्याच्या नावावर होतं तो पदवी घेऊन पुण्याला नोकरीला लागला होता. भिंतीवरची चित्रं मात्र शाबूत होती आणि लोक त्यांच्यावर विसंबून राहिले. शाळेचं कुंपण नव्याने रंगवताना कुणीतरी पंखा पुसून टाकला. खालची तीन चित्रं ठेवली, हेही नोंदवायला हवं.

काय वेगळं करता येईल

पहिला मुद्दा मानधनाचा, आणि तो शेवटच्या दिवशी निघाला. विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे गुण मिळाले, महाविद्यालयाला अहवाल मिळाला, समितीला तक्ता मिळाला. पेंटरकाकांचा समारोपाला शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. ते माईकवर एवढंच बोलले: "शाली घरात तीन हायेत. मे महिन्यातली माझी तीन घरांची रंगाची कामं गेली." टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. आयोजकांनी नंतर वर्गणी काढून पैसे दिले, पण ते मागून मिळाले याचा काकांना राग आहे आणि तो रास्त आहे. सेन्सरला अंदाजपत्रकात ओळ होती, रंगाला होती, रंगवणाऱ्या हाताला नव्हती.

दुसरा, सेन्सर कुणाच्या ताब्यात जाणार हे तो बसवण्याआधी ठरायला हवं होतं. विद्यार्थी चार वर्षांनी जातात, हे काही अनपेक्षित नाही. वस्तीच्या तोंडावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या मुलाला सोल्डरिंग येतं, सुटे भाग कुठे मिळतात ते माहीत आहे, आणि पाणी त्याच्याही दुकानात येतं. त्याला पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवं होतं. तंत्रज्ञ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर महाविद्यालयच आलं. गवंड्याच्या नळीनंतर तरी हे सुचायला हवं होतं.

तिसरा, घरमालकांना उशिरा बोलावलं. ते विरोधक म्हणून दारात उभे राहिले, कारण त्यांना बसायला जागाच दिली नव्हती. सुरुवातीपासून असते तर कदाचित खासगी भिंतींवरही काही खुणा झाल्या असत्या. कदाचित काम आणखी लवकर अडलं असतं. समितीत यावर अजून दोन मतं आहेत.

सध्या सिमकार्ड समितीच्या बचत गटाच्या अध्यक्षांच्या नावावर आहे आणि रिचार्ज गटाच्या मासिक जमाखर्चात धरलं आहे. सेन्सर दुकानातल्या मुलाने उघडून बॅटरी बदलली. शेजारच्या वस्तीने अशाच चित्रांसाठी पेंटरकाकांना विचारलंय. त्यांनी आधी दर सांगितला, मग भिंत कोणत्या महिन्यात वाळेल ते सांगितलं.